पांच गायक आणि तेरा वर्षांचा करार

आमच्या शाळेंत हल्लीं कोणत्याही मुलाची वही उघडून पाहिली, तर शेवटच्या पानावर गणिताच्या कच्च्या कामाशेजारीं दोन-चार कोरियन अक्षरें गिरविलेलीं आढळतात : एक वाटोळें, एक आडवी रेघ, एक उभी रेघ. विचारणा केली तर उत्तर ठरलेलें असतें, कीं हें बीटीएसमधील अमुक गायकाचें नांव. पालकही भेटीस आले म्हणजे अभ्यासाच्या चौकशीनंतर हळूच हाच विषय काढतात. हे लोक आहेत तरी कोण, त्यांना हा मान कसा मिळाला, आणि आमचीं मुलें त्यांच्यापायीं इतकीं वेडीं कां, असे तीन प्रश्न त्यांस पडलेले असतात. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मुलेंच अधिक चांगलें देतील. पहिल्या दोहोंविषयीं आम्ही येथें कांहीं सांगूं इच्छितों. मात्र तें बीटीएसविषयीं नव्हे, तर त्यांच्यापूर्वीं सुमारें दहा वर्षें पुढें आलेल्या दुसऱ्या एका मंडळीविषयीं. बीटीएसची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस आमच्यापेक्षां जास्त ठाऊक आहे, आणि तींत आमच्या हातून एखादी तारीख चुकली तर ते आम्हांस क्षमा करणार नाहींत, हें एक कारण. दुसरें व खरें कारण असें कीं, ज्या भांडणांत ही जुनी मंडळी दुभंगली, त्याची खूण आज गाणाऱ्या बहुतेक प्रत्येक कोरियन मुलाच्या करारपत्रांत राहिली आहे.

ह्या मंडळीचें नांव चार चिनी अक्षरांचें आहे, व त्याचा अर्थ 'पूर्वेकडील देवांचा उदय' असा होतो. कोरियांत तिला तोंगबांगशिनगी म्हणतात, जपानांत तींच अक्षरें तोहोशिंकी अशीं वाचतात, आणि चिनी उच्चाराच्या आद्याक्षरांवरून इतर देशांत टीव्हीएक्सक्यू असें नांव रूढ झालें आहे. एकच नांव तीन देशांत चालावें अशा बेतानें तें योजिलेलें होतें, हें वाचकांच्या लक्षांत येईलच. पंधरा-सतरा वर्षांच्या पोरांना देव म्हणावें, हें आम्हांस जरा जास्तच वाटतें. पण जाहिरातीच्या धंद्यांत विनयास गिऱ्हाईक मिळत नाहीं.

मंडळी उभी करणारी कंपनी एस. एम. एंटरटेनमेंट ही होय. तिचा संस्थापक ली सू-मान हा स्वतः पूर्वीं गायक होता. तो अमेरिकेंत शिकून आला, आणि गाण्याचा धंदा कारखान्यासारखा पद्धतशीर चालवितां येईल अशी त्याची खात्री झाली. १९९५ सालीं त्यानें ह्या कंपनीस तिचें हल्लींचें रूप दिलें आणि १९९६ त पांच मुलांची 'एच. ओ. टी.' नांवाची पहिली मंडळी पुढें आणली. तिनें अपार कीर्ति मिळविली. पण २००१ सालीं कराराच्या अटींवरून पांचांपैकीं तिघे कंपनी सोडून गेले व मंडळी मोडली. हा प्रसंग वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें जें झालें, त्याची ही जणूं तालीमच होती.

दुसरी एक गोष्ट ठाऊक असल्याखेरीज पुढील हकीकतीचें मर्म कळणार नाहीं. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या ताब्यांत होता. स्वातंत्र्यानंतरही तो सल इतका तीव्र होता कीं, जपानी चित्रपट, गाणीं, ध्वनिमुद्रिका ह्यांस दक्षिण कोरियांत अनेक वर्षें बंदी होती. १९९८ सालीं अध्यक्ष किम दे-जुंग ह्यांनीं ती क्रमाक्रमानें उठविण्यास आरंभ केला, आणि २००४ च्या जानेवारींत जपानी ध्वनिमुद्रिकांची विक्री मोकळी झाली. उलट दिशेनें, म्हणजे कोरियन गायकांनीं जपानांत जाऊन नांव मिळविण्याचा मार्ग, बोआ नांवाच्या मुलीनें थोडा आधीं उघडला होता. ती ह्याच कंपनीची. २००० सालीं तिचें पहिलें गाणें प्रसिद्ध झालें तेव्हां ती तेरा वर्षांची होती. २००२ त तिची जपानी ध्वनिमुद्रिका तेथील ओरिकॉन यादींत पहिल्या क्रमांकावर गेली. हा मान मिळविणारी ती पहिलीच कोरियन गायिका. जें एका मुलीस साधलें तें पांच मुलांस कां साधूं नये, असा विचार कंपनीच्या मनांत आला असल्यास नवल नाहीं.

आतां हे पांच जण कोण तें सांगूं. युन्हो हा दक्षिणेकडील ग्वांगजू शहरचा. नृत्यांत प्रथमपासून वाकबगार. जेजुंग हा गोंगजू ह्या लहानशा गांवचा. पंधराव्या वर्षाच्या सुमारास गायक होण्यासाठीं एकटाच सोलला आला आणि मिळेल तें काम करून राहिला. यूचन हा आईबापांबरोबर अमेरिकेंत वाढलेला. जुन्सू अगदीं लहानपणींच कंपनीच्या शाळेंत दाखल झाला व सहा वर्षें तेथें शिकला. मध्येंच त्याचा कंठ फुटला, आवाज घोगरा झाला, आणि पुष्कळ दिवस त्यास नीट गातांही येईना. ज्या वयांत मुलगे गाण्याच्या तासाला मागच्या बाकावर दडून बसतात, त्या वयांत ह्या मुलानें तसेंच बसून वाट पाहिली. पुढें आवाज परतला तो पूर्वींहून निराळा व अधिक भारदस्त होऊन. पांचवा चांगमिन हा सर्वांत धाकटा. शाळेंत बॅडमिंटन खेळत असतां कंपनीच्या माणसाच्या नजरेस पडला असें सांगतात. पदार्पणाच्या दिवशीं इतर चौघे सतरा वर्षांच्या आसपास होते, आणि चांगमिनला सोळावें वर्ष चालूं होतें.

कंपनीची शाळा म्हणजे काय, हें पालकांसाठीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कोरियांत अशा मुलांस उमेदवार समजतात. दिवसां तीं नेहमींच्या शाळेंत जातात. शाळा सुटली म्हणजे कंपनीच्या इमारतींत येऊन आवाजाची मेहनत, नृत्य, अभिनय आणि जपानी, चिनी वगैरे परभाषा शिकतात, व पुष्कळदां रात्रीं उशीरा घरीं जातात. हा सर्व खर्च कंपनी करते. मुलांस पगार नसतो. दर कांहीं दिवसांनीं परीक्षा होते, आणि तींत उतरलें नाहीं तर घरची वाट धरावी लागते. शिकणाऱ्यांपैकीं फारच थोडीं मुलें अखेर रंगभूमीवर येतात, आणि तीं आलीं तरी लोकांस आवडतीलच असा नेम नसतो. तेव्हां जीं बुडालीं त्यांचाही खर्च जीं तरलीं त्यांच्या मिळकतींतून भरून काढावयाचा, हें ह्या धंद्याचें गणित आहे. आणि म्हणूनच, एखादी मंडळी तरली कीं तिला शक्य तितकी अधिक वर्षें बांधून ठेवावी, असें कंपनीस वाटतें. कंपनीच्या बाजूनें पाहिलें तर ह्यांत तर्कदुष्ट असें कांहींच नाहीं. अडचण येते ती दुसऱ्या बाजूनें पाहिल्यावर.

२६ डिसेंबर २००३ रोजीं ही मंडळी प्रथम लोकांपुढें आली. प्रसंग होता बोआ व अमेरिकन गायिका ब्रिटनी स्पीअर्स ह्यांच्या कार्यक्रमाचा. आमच्या वाचकांस विशेष वाटेल अशी गोष्ट ही, कीं त्या दिवशीं ह्या मुलांनीं आपल्या 'हग' ह्या नव्या गाण्याबरोबर 'ओ होली नाइट' हें नाताळचें गीत कोणत्याही वाद्याच्या साथीवांचून म्हटलें. आमच्या शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमांत जें गीत दरवर्षीं चढ्या स्वरापाशीं येऊन अडखळतें, तेंच हें. वाद्यांवांचून पांच आवाजांनीं सुरांचा मेळ साधावयाचा आणि तेंच गात असतां नाचावयाचें, अशी ह्या मंडळीची प्रारंभींची जाहिरात होती. गाणारा नाचतो, नाचणारा गातो, हें आजकाल सर्रास दिसतें. पण दम न लागूं देतां दोन्ही एकदम करणें किती कठीण आहे, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें आमच्या क्रीडांगणाभोवतीं एक फेरी धांवत मारावी आणि लगेच एखादें कडवें म्हणून पाहावें.

कोरियांत यश लागलेंच आलें. २००४ ची 'ट्राय-अँगल', २००५ ची 'रायझिंग सन', २००६ ची 'ओ' ह्या ध्वनिमुद्रिका एकीमागून एक गाजल्या. ह्यांपैकीं तिसरीच्या पूर्ण नांवांत 'पक्ष, प्रतिपक्ष व समन्वय' ह्या अर्थाचीं तीन चिनी अक्षरें आहेत. हेगेल ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या नांवाशीं जोडली जाणारी ही परिभाषा नाचगाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर कशी येऊन बसली, ह्याचें आम्हांस अजून कौतुक वाटतें. चाहत्यांच्या संघटनेचें नांव कॅसिओपिया, म्हणजे आपली शर्मिष्ठा. त्या तारकापुंजांत ठळक असे पांच तारे आहेत, म्हणून हें नांव. सभागृहांत चाहते मोत्यासारखी झांक असलेल्या तांबड्या रंगाचे दिवे घेऊन बसत, आणि सगळें सभागृह तांबडा समुद्र होऊन जाई. प्रेमाबरोबर द्वेषही येतोच. २००६ च्या ऑक्टोबरांत एका द्वेष्ट्या तरुणीनें युन्होस चिकट रसायन मिसळलेलें पेय दिलें. तें पिऊन त्यास रुग्णालयांत न्यावें लागलें. तिच्यावर खटला व्हावा अशी त्याची इच्छा नव्हती. त्या वेळीं तो वीस वर्षांचा होता.

परंतु ह्या मंडळीच्या चरित्रांतील आम्हांस सर्वांत आवडणारा भाग जपानांतला आहे. मायदेशीं ज्यांच्या दाराशीं गर्दी लोटत होती, तीं मुलें २००५ च्या एप्रिलमध्यें जपानांत गेलीं तीं अगदीं नवखीं म्हणून. एव्हेक्स ह्या तेथील कंपनीच्या शाखेनें त्यांचें पहिलें जपानी गाणें काढलें. ओरिकॉन यादींत तें ३७ व्या क्रमांकाच्या वर गेलें नाहीं. कोरियन गाणीं जशींच्या तशीं खपवावयाचीं नाहींत, जपानी भाषेंत नवीं गाणीं जपानी श्रोत्यांसाठींच करावयाचीं, असा बेत होता. तेव्हां प्रथम भाषा आली पाहिजे. टोकियोंतील एका बिऱ्हाडांत पांच जण एकत्र राहात व जपानीची घोकंपट्टी करीत. घरीं हजारोंपुढें गाणाऱ्यांना येथें लहानशा सभागृहांत, अनोळखी चेहऱ्यांपुढें, मोडक्यातोडक्या वाक्यांनीं स्वतःची ओळख करून द्यावी लागे. कोरियांत गाजलेल्या मुलांस हा अपमान वाटला असता तर आश्चर्य नव्हतें. पण एकेका गाण्यागणिक क्रमांक थोडाथोडा वर सरकूं लागला, सभागृहें वाढत गेलीं, आणि २००७ च्या जून महिन्यांत त्यांचा कार्यक्रम टोकियोच्या बुदोकानमध्यें झाला. २००८ च्या जानेवारींत त्यांचें 'पर्पल लाइन' हें गाणें ओरिकॉनच्या शिरोभागीं पोंचलें. तें त्यांचें सोळावें जपानी गाणें होतें. पंधरा गाणीं आणि जवळजवळ तीन वर्षें. एका चांचणी-परीक्षेंत गुण कमी पडले म्हणून संस्कृत सोडूं पाहणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांस आम्ही हा आंकडा मुद्दाम कळवीत आहों.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते कोहाकु उता गास्सेन ह्या कार्यक्रमांत गायिले. ३१ डिसेंबरच्या रात्रीं जपानची राष्ट्रीय नभोवाणी-संस्था एनएचके हा कार्यक्रम दाखविते, आणि घरोघर आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सारें कुटुंब तो पाहतें. त्यांत बोलावणें येणें म्हणजे गायकास देशानें आपला म्हणणें. इकडे कोरियांत सप्टेंबर २००८ मध्यें निघालेल्या 'मिरोटिक' ह्या ध्वनिमुद्रिकेच्या पांच लक्षांहून अधिक प्रती खपल्या. त्या गाण्यांतील कांहीं शब्द कोवळ्या वयास अनुचित आहेत असें ठरवून सरकारी मंडळानें तिच्यावर निर्बंध घातला. कंपनी न्यायालयांत गेली व निकाल कंपनीसारखा लागला. २००९ च्या जुलैंत, ४ व ५ तारखेस, मंडळी टोकियो डोमच्या विशाल क्रीडागृहांत गायिली. ह्याहून उंच जागा जपानांत त्यांस उरली नव्हती.

ह्यानंतर चार आठवडे लोटले नाहींत तोंच, ३१ जुलै २००९ रोजीं, जेजुंग, यूचन व जुन्सू ह्या तिघांनीं सोलच्या मध्यवर्ती जिल्हा न्यायालयांत कंपनीविरुद्ध अर्ज दाखल केला.

अर्जाचा विषय होता करार. त्याची मुदत पदार्पणापासून तेरा वर्षें होती. आतां हिशेब करून पाहा. सतराव्या वर्षीं मुलगा करारानें बांधला गेला तर तिसावें वर्ष लागेपर्यंत तो मोकळा होत नाहीं. शिवाय त्या काळीं कोरियांत प्रत्येक धडधाकट पुरुषास सुमारें दोन वर्षें सैन्यांत काढावीं लागत, आणि तीं ह्या मुदतींत धरलेलीं नव्हतीं. तीं मिळविल्यावर मुदत पंधरा वर्षांच्या पुढें जाते. नाचगाण्यांतील तारुण्य त्याहून फारसें टिकत नाहीं, हें कंपनीस ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल ? तिघांचें म्हणणें असें कीं, मध्येंच करार मोडावयाचा तर कंपनीनें घातलेल्या भांडवलाची तिप्पट व उरलेल्या मुदतींत होणाऱ्या संभाव्य नफ्याची दुप्पट भरपाई द्यावी लागेल, अशी त्यांत अट होती. ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीबद्दल पूर्वींच्या करारांत असें होतें, कीं पांच लक्ष प्रती खपल्या तरच पुढल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेळीं प्रत्येकास १ कोटि वॉन मिळावे, न खपल्यास कांहीं नाहीं. २००९ च्या फेब्रुवारींत ही अट बदलून विक्रीच्या प्रमाणांत वांटा ठरला. तोही शेंकडा ०.४ पासून १ पर्यंत.

कंपनीचें उत्तर असें होतें कीं, आम्ही ह्या पांच जणांस आजवर ११०० कोटि वॉन रोख दिले आहेत, परदेशी मोटारी दिल्या आहेत, आणि भांडणाचें खरें मूळ तिघांनीं सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यांत घातलेला पैसा हें आहे. दोन्ही पक्षांचें म्हणणें आम्ही येथें दिलें आहे. परंतु आमचें मत विचाराल तर, पैसे किती दिले हा प्रश्न दुय्यम आहे. मिळणारा पैसा थोडा असो वा फार, सोडून जाण्याची वाटच ज्यांत बुजविलेली आहे असा करार आणि नोकरी ह्यांत अंतर आहे. नोकराला राजीनामा देतां येतो.

पालकहो, ह्यांत तुमच्याशीं संबंध असलेली एक गोष्ट आहे. त्या काळीं कोरियाच्या कायद्यानें वीस वर्षांखालील मुलगा अज्ञान समजला जाई, व त्याच्या करारास पालकाची संमति लागे. ह्या पांचांपैकीं पदार्पणाच्या वेळीं कोणीही वीस वर्षांचा नव्हता. म्हणजे प्रत्येक करारावर मुलाबरोबर घरच्या वडील माणसाचीही मान्यता होती. त्या आईबापांस आम्ही दोष देत नाहीं. मुलगा वर्षानुवर्षें मेहनत करीत आहे, दाराशीं संधि येऊन उभी आहे, कंपनीच्या वकिलांनीं मांडलेला कागद समोर आहे, आणि शिक्का न मारल्यास दुसरा मुलगा बाहेर रांगेंत उभा आहे. अशा वेळीं आंकड्यांत तेरा कीं सात हें कोण बारकाईनें पाहणार? दोन पक्षांच्या बळांतील ही तफावतच न्यायालयाच्या डोळ्यांपुढें आली.

२७ ऑक्टोबर २००९ रोजीं न्यायालयानें तात्पुरता हुकूम दिला. तिघांची मागणी सर्वच मान्य झाली नाहीं, पण महत्त्वाचा भाग मान्य झाला : त्यांच्या इच्छेविरुद्ध कंपनीनें त्यांच्या वतीनें करार करूं नयेत, व त्यांच्या स्वतंत्र कामांत अडथळा आणूं नये. कंपनीनें आपल्या वरचढ स्थितीचा लाभ घेऊन मुलांवर अवाजवी बोजा लादला, असा न्यायालयाचा प्रथमदर्शनीं अभिप्राय पडला. ह्याच सुमारास कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगानेंही ह्या धंद्यांतील करारांची तपासणी करून, जुलै २००९ मध्यें गायक व नट ह्यांच्यासाठीं करारपत्राचा एक सर्वसाधारण नमुना प्रसिद्ध केला होता. त्यांत गायकांसाठीं मुदतीची मर्यादा सात वर्षें ठेविली होती. तेव्हांपासून सात वर्षें हा त्या धंद्याचा जणूं दंडकच झाला. मंडळीचें सातवें वर्ष जवळ आलें कीं चाहते धास्तावतात, तें ह्यामुळेंच. २०१३ सालीं पुढें आलेल्या बीटीएसनें २०१८ त, पहिली मुदत संपण्याच्या आधींच, आणखी सात वर्षांचा करार केला. पण तो त्यांनीं पंचविशीच्या आसपास, आपली किंमत ओळखून, स्वतःच्या सहीनें केला. फरक हाच.

उरले युन्हो व चांगमिन. ते कंपनीबरोबर राहिले. कोण बरोबर व कोण चूक, ह्यावर शर्मिष्ठेच्या चाहत्यांत जी फूट पडली ती पुष्कळ वर्षें भरून आली नाहीं. मैत्रिणींनीं मैत्रिणींशीं बोलणें टाकलें. आम्ही त्या वादांत शिरत नाहीं. २०११ च्या जानेवारींत ह्या दोघांनीं जुन्याच नांवानें 'कीप युअर हेड डाउन' ही ध्वनिमुद्रिका काढली. पांच आवाजांसाठीं रचलेलीं जुनीं गाणीं आतां दोघांनीं गावयाचीं, म्हणजे वरच्या पट्टीचा भार बहुतेक चांगमिनवर आला. ह्यांचें कांहीं खरें नाहीं, असें बोलणारे पुष्कळ होते. दोन वर्षांनीं, २०१३ च्या ऑगस्टांत, हे दोघे योकोहामाच्या निस्सान स्टेडियममध्यें दोन दिवस गायिले. सत्तर हजारांहून अधिक माणसें मावणाऱ्या त्या मैदानांत स्वतःचा कार्यक्रम करणारे ते पहिले परदेशी गायक ठरले. २०१५ त दोघेही सैन्यसेवेसाठीं गेले व २०१७ त परतले. २०१८ च्या जूनमध्यें त्यांनीं त्याच मैदानांत ओळीनें तीन दिवस कार्यक्रम केले.

बाहेर पडलेल्या तिघांचा मार्ग खडतर होता. जेवायजे हें नांव घेऊन त्यांनीं २०१० त इंग्रजी गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. ती खपली, कार्यक्रमांस गर्दी झाली. पण कोरियांतील दूरचित्रवाणीवरील संगीताच्या कार्यक्रमांत त्यांस कोणी बोलावीना. कायद्यानें मोकळे झालेले गायक व्यवहारांत वाळींत टाकल्यासारखे झाले. नोव्हेंबर २०१२ मध्यें कंपनीशीं त्यांची तडजोड होऊन खटले मिटले, तरी दारें उघडलीं नाहींत. २०१३ च्या जुलैंत व्यापार आयोगानें कंपनीस व धंद्यांतील एका संघास त्यांच्या कामांत आडकाठी न आणण्याबद्दल बजावलें. २०१५ च्या एप्रिलमध्यें जुन्सू एका शैक्षणिक वाहिनीवरील संगीताच्या कार्यक्रमांत गायिला. त्याआधीं सहा वर्षें तो अशा कार्यक्रमांत दिसला नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस कोरियाच्या राष्ट्रीय विधिमंडळानें प्रसारणाच्या कायद्यांत दुरुस्ती केली. तिसऱ्या पक्षाच्या सांगण्यावरून एखाद्या कलावंतास कार्यक्रमांतून वगळणें तीमुळें निषिद्ध झालें. लोक त्या दुरुस्तीस 'जेवायजे कायदा' असेंच म्हणतात. ज्यांच्यामुळें कायदा झाला त्यांस त्याचा उपयोग फार उशीरा झाला, हें खरें. पण मागून येणाऱ्यांस तो आयता मिळाला.

दूरचित्रवाणीचीं दारें बंद होतीं त्या काळांत जुन्सूनें रंगभूमीचा आश्रय घेतला. २०१० च्या जानेवारींत तो 'मोझार्ट' ह्या संगीत नाटकांत नायक झाला. २०१२ त 'एलिझाबेथ' ह्या नाटकांत त्यानें मृत्यूची भूमिका केली, आणि तेथून कोरियन संगीत रंगभूमीवरचा तो अग्रेसर नट गणला जाऊं लागला. कंठ फुटल्यावर वर्षानुवर्षें वाट पाहणारा मुलगा तो हाच. जेजुंगनें जपानांत पुन्हां आपलें बस्तान बसविलें व २०२३ सालीं स्वतःचीच कंपनी काढली. म्हणजे एके काळीं टेबलाच्या अलीकडे बसून सही करणारा आतां पलीकडे जाऊन बसला. त्याच्या उमेदवारांचीं करारपत्रें कशीं आहेत, हें पाहण्याची आम्हांस फार उत्सुकता आहे. यूचनची कथा दुःखाची आहे. नट म्हणून त्यानें मोठें नांव मिळविलें होतें. २०१९ त मादक पदार्थांच्या सेवनाबद्दल न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें व स्थगित शिक्षा दिली. हा भाग आम्ही गाळूं शकलों असतों; परंतु आमचे विद्यार्थी तो दुसरीकडे वाचणारच, तेव्हां येथें वाचलेला बरा.

२६ डिसेंबर २०२३ रोजीं, पदार्पणास बरोबर वीस वर्षें झालीं त्या दिवशीं, युन्हो व चांगमिन ह्यांनीं '२० अँड २' नांवाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. पुढल्या वर्षीं, २०२४ च्या नोव्हेंबरांत, जेजुंग व जुन्सू ह्या दोघांनीं सोलमध्यें एकत्र कार्यक्रम करून जुन्या मंडळीचीं गाणीं पुष्कळ वर्षांनीं म्हटलीं. पांचही जण एका रंगमंचावर शेवटचे दिसले ते ३१ डिसेंबर २००९ च्या रात्रीं, जपानच्या त्या वर्षअखेरच्या कार्यक्रमांत. न्यायालयाचा हुकूम होऊन तेव्हां दोन महिने झाले होते; तरी ते आले, आपलें गाणें पांचांनीं मिळून म्हटलें आणि गेले.